त्यात घालता काय?

पाहुणे परत निघाले की मी त्यांच्या पिशवीत काहीबाही भरते. आमसुलं, आंबोशी, एखादं साठं म्हणजे आंबापोळी, कुळथाचं पीठ. मग पायरीवर उभं राहून चपला घालता घालता हमखास प्रश्न येतो, “काकू, हे वर्षभर राहतं? बुरशी नाही येत? त्यात घालता काय?” शेवटचं वाक्य जरा हळू आवाजात, मी कुठलीतरी पुडी दडवून ठेवलीय अशा थाटात. तुम्हीही विचारलंत म्हणून आता एकदाच सविस्तर सांगते.

मीठ घालते. बाकी सगळं काम पाणी काढण्याचं. बुरशीला पाणी लागतं, ते तिला मिळू द्यायचं नाही, एवढीच युक्ती. पण कोकणात ही युक्ती लढवायला दिवस फार थोडे मिळतात.

आमचं परसू राजापूर तालुक्यातलं. दोन रातांबे म्हणजे कोकमाची झाडं, एक बरका फणस, एक कापा, तीन रायवळ आंबे. सगळी झाडं आजेसासऱ्यांच्या वेळची आणि सगळ्यांना एकदमच घाई. रातांबा एप्रिलच्या शेवटाला लाल व्हायला लागतो, मेमध्ये नुसता सडा. पाऊस धरायचा ७ जूनच्या सुमाराला. म्हणजे कडक ऊन हाताशी उरलं किती? आमची सगळी आकडेमोड पावसापासून मागे मोजत येते.

आमसुलांना पूट द्यावं लागतं, ते पुष्कळांना ठाऊक नसतं. रातांबे धुऊन, पुसून कोरडे करायचे, चिरून साल वेगळी करायची. आतल्या बिया आणि गर मोठ्या पातेल्यात घेऊन त्यात मीठ घालायचं. त्याला सुटतो तो रस. सालं दिवसभर उन्हात वाळवायची, मग त्या रसात बुडवायची, पुन्हा ऊन. हे झालं एक पूट. सासूबाई सात द्यायच्या. मी पाच देते आणि सहावं दिल्याचं कुणी विचारलं तर सांगते. प्रत्येक पुटाला साल आंबट, खारट आणि काळपट होत जाते. झालं की नाही ते बोटांनी कळतं. दाबल्यावर चिकटता कामा नये, वाकवल्यावर तडकता कामा नये. पाटीभर रातांब्यांची आमसुलं एका बरणीत मावतात, ते बघून दरवर्षी मला फसल्यासारखं वाटतं. भांडी मात्र स्टीलची नाहीतर चिनी मातीची. इतक्या आंबटाला पितळ चालत नाही.

आता फजितीचं. २०२१ साली मी ‘सगळे रातांबे पिकू देत, एकदमच काढू’ म्हणून थांबले. आमसुलं दुसऱ्या पुटाला आली आणि १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याने वर सरकलं. अंगणातून ताटं उचलून घरात आणेपर्यंत अर्धी भिजली. वीज गेली ती पुढे कित्येक दिवस नाही. चुलीवरच्या फळीवर पसरून, उलटून-पालटून वाळवायचा प्रयत्न केला. धुराचा वास लागला तो लागलाच, आणि चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. सगळी फणसाच्या मुळाशी नेऊन टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून पहिले चार रातांबे लाल झाले की मी विळी काढते. थोडे थोडे रोज. आणि मेचा तिसरा आठवडा उलटला की आमसुलं बंद, उरलेल्याचं आगळ. आगळाला ऊन लागत नाही. रस, भरपूर मीठ, बाटली, झालं. २०२५ साली मान्सून २५ मेलाच कोकणात उतरला तेव्हा शेजारीपाजारी हळहळत होते आणि माझ्याकडे आमसुलं कमी असली तरी आगळाच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. कुठल्या फळाचं काय करायचं ते पाककृतीपेक्षा तारखेवर ठरतं, हे मला शिकायला एक वादळ लागलं.

रायवळाचं साठं आणि बरक्याची फणसपोळी यांचंही तेच. ताटाला तूप लावून रसाचा पातळ थर, तो सुकला की वर दुसरा. घाईने जाड थर दिलात तर वरून सुकतो, आतून आंबतो. कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून वाळवल्या की आंबोशी. त्यात सांगण्यासारखं काही नाही, माकडांकडे लक्ष ठेवायचं.

मला खरं कौतुक आहे ते काहीही न करता टिकणाऱ्या वस्तूंचं. पावसात परसातल्या मांडवावर वाढलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, पिकून पिवळं झालं की देठासकट काढायचं आणि सुंभात बांधून आढ्याला टांगायचं. जमिनीवर ठेवलं तर टेकलेल्या जागी कुजतं, टांगलं तर चारी बाजूंनी वारा. पौषात खाली उतरवून त्याचं धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करावं. फणसाच्या आठळ्या लाल मातीत कालवून पडवीच्या कोपऱ्यात ठेवते, श्रावणात अळवाच्या फदफद्यात पडतात. कुळीथ चुलीच्या राखेत घोळवायचे, किडा फिरकत नाही. आता घरात गॅस आहे, तरी पाणी तापवायची चूल मी ठेवलीय ती थोडी राखेसाठीच.

फ्रीज नाही असं समजू नका. खवलेला नारळ आणि मटार त्यातच असतात. फक्त मेमधल्या वादळात वीज गेली की पहिलं रडगाणं त्याचंच.

आणि एवढं करूनही बुरशी आलीच, तर चोर एकच असतो, ओला चमचा. माझ्या भाच्याने खारातल्या कैऱ्यांच्या बरणीत वरणाचा डाव घातला होता. आठवड्यात वर तवंग. तेव्हापासून मोठी बरणी कापड बांधून माळ्यावर आणि जेवणाच्या खोलीत छोटी. पाहुण्यांनी छोटी काय हवी तितकी बिघडवावी.

यापुढेही शंका राहिली तर मेच्या पहिल्या आठवड्यात या. विळ्या तीन आहेत. जुने कपडे आणा, रातांब्याचा डाग कपड्यावरून जात नाही, आणि नखांत शिरलेला रंग तर पुण्याला पोचेपर्यंत तसाच राहील.