आत्तीची जागा

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडी हलली तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. तुळसवाल्या बायकांच्या मागची रांग, डावीकडून तिसरी जागा. विणेकरी बुवांनी मला बोटानं तिथं उभं केलं. म्हणाले, "तेवीस कार्तिक्या ती इथनं चालली. तू मागं-पुढं हू नको."

मी काही बोलले नाही. गळ्यात आत्तीचीच माळ होती, आणि तिचा मधला मणी सारखा हाताला लागत होता.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पंचविशीत कपाळ पांढरं झालं आणि ती शिवाजी पेठेत माहेरी आली, पण आश्रिताचं जिणं तिनं एक दिवस काढलं नाही. महाद्वारात टोपली मांडून हार-वेण्या विकल्या. त्याच पैशात मला शिकवलं. शाहू स्टेडियमला 'शिवाजी'ची, आमच्या पेठेतल्या टीमची, फुटबॉल मॅच असली की दुपारीच टोपली आवरायची आणि आम्हा पोरांना घेऊन पुरुषांच्या गर्दीत जाऊन बसायची. गोल झाला की ओच्यातली उरलेली झेंडूची फुलं उधळायची. रेफ्री चुकला तर तिचा आवाज अख्ख्या स्टँडला ऐकू जायचा. तोच आवाज पहाटे काकड्याला लागला की गल्लीतली दारं उघडायची.

पहिले दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. पहाटे चारचा काकडा, थंड पाण्याची आंघोळ, शाळेच्या वर्गात पथारी, दुसऱ्याच्या घोरण्यानं मोडलेली झोप. जयसिंगपुरात कुणीतरी ओंजळ-ओंजळ भडंग वाटलं. मिरजेत बुवांनी सतारमेकर गल्लीत वीणेची खुंटी बदलून घेतली. बाकी आठवतात ते उसाचे ट्रॅक्टर. हंगाम नुकताच सुरू झालेला. दोन-दोन ट्रॉल्या आणि वर कानठळ्या बसवणारी गाणी. ट्रॅक्टर आला की आमची रांग चारीत उतरायची आणि हरिपाठाचा अभंग मध्येच तुटायचा. मला फार राग यायचा. शेजारच्या काकींचाही यायचा. त्या पाच-पाच मिनिटांनी सांगायच्या, "तुझी आत्ती अशी चालायची. आत्ती कधी टेकली नाही बघ." तिसऱ्या दिवशी मी त्यांना तोडून बोलले. रात्री त्यांनीच माझ्या ताटात भाकरीचा मऊ पापुद्रा आणि खर्डा वाढला. मी मान खाली घालून जेवले.

कवठेमहांकाळपर्यंत पाय साथ देत होते. नागज सोडलं आणि डाव्या टाचेचा फोड फुटायच्या बेतात आला. उजव्या चवड्याखाली दुसरा. ऊन वरून आणि डांबरातून, दोन्हीकडनं. झाड म्हणावं असं काही नाही, बाभळीच तेवढ्या. मृदंग पुढं पुढं जात राहिला आणि मी चारीच्या कडेला उभी राहिले. विठ्ठलाचं नाव तोंडात येईना. खरं सांगायचं तर त्या वेळी मला घरी जायचं होतं.

रस्त्यालगत पत्र्याचं घर होतं. अंगणात मका वाळत घातलेला. एक बाई दांड्यानं मका पसरत होती, माझ्यापेक्षा वयानं लहानच असेल. तिनं माझ्याकडं न बघता पायांकडं बघितलं.

"या माऊली, हितं बसा सावलीला."

मी नको म्हटलं, दिंडी पुढं गेली म्हटलं. ती म्हणाली, "दिंडी कुठं जाती? रात्री थांबतीच की."

तिनं बादलीत पाणी आणलं आणि माझे पाय त्यात सोडले. मी हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. टाच, चवडा, बोटांच्या बेचक्या, सगळं धुतलं. मग पदरानं टिपून माझी टाच आपल्या मांडीवर घेतली. चुलीतल्या निखाऱ्यावर सुई धरली, तिच्यात दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं घातली आणि दुसऱ्या कडेनं काढली. दोरा तसाच आत ठेवला, दोन्हीकडं बोटभर शेव सोडून. "कातडं ओढायचं न्हाई. दोऱ्यावाटं पाणी झिरपतंय, वरचं कातडं शाबूत ऱ्हातंय," म्हणाली. पाणी दोऱ्यावरून थेंब-थेंब उतरत होतं आणि ते तिच्या लुगड्यावर पडत होतं. तिला त्याचं काही नव्हतं. खोबरेल लावताना तिचा अंगठा टाचेभोवती गोल फिरत होता, फोडाला न लागता.

मला रडू आलं ते दुखण्यानं नव्हे. हा अंगठा मी आधी बघितला होता.

२०२१ साली आत्तीला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हापासून तीन वर्षं दोन महिने ती कॉटवर होती. मी पुण्यात. शनिवारी रात्री यायची, रविवारी जायची. बाकीचे दिवस वैनी आणि मावशी. मावशी दिवसभराची मदतनीस, मंगळवार पेठेतली, आणि घरचे सगळे पाटाकडीलवाले, म्हणजे 'शिवाजी'च्या विरुद्धच्या टीमचे. पहिल्याच दिवशी तिनं आत्तीला सांगितलं, "मी पाटाकडीलचा आहे, आत्ताच सांगून ठेवतो." आत्तीनं डाव्या हातानं तिला फटका दिला आणि आजारपणात पहिल्यांदा हसली.

दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा मावशी, रात्री गजर लावून वैनी. टाचेला आणि माकडहाडावर तेल, तिथंच आधी कातडं जातं म्हणून. तीन वर्षांत आत्तीच्या अंगावर एक जखम झाली नाही. फिजिओथेरपीला न्यायचं तर जुन्या वाड्याचा अरुंद जिना. तालमीची पोरं आळीपाळीनं यायची आणि खुर्चीसकट तिला खाली उतरवायची. त्यांतला एकजण नोकरीच्या मुलाखतीला जायच्या कपड्यांत आला होता.

आत्तीला 'पाणी' म्हणता येत नव्हतं. 'पा' वर अडकायची आणि चिडून तोंड फिरवायची. पण वैनी संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ म्हणायला लागली की आत्ती सगळा म्हणायची, शब्द न चुकता. आम्हाला चमत्कार वाटला. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, ती बाजू दुखावली. चाल आणि गाणं उजवी बाजूही सांभाळते, ती शाबूत आहे. हे ऐकून मी पुण्याला निघून गेले. मावशीनं मात्र त्याचा उपयोग केला. हरिपाठाच्या चालीवर 'पाणी द्या' बसवलं. मांडीवर ताल धरायची आणि आत्तीचा डावा हात धरून म्हणवून घ्यायची. महिनाभरानं आत्तीनं फोनवर मला 'पाणी द्या' म्हणून दाखवलं, पूर्ण चालीत.

त्या बाईला मी पैसे देऊ केले. तिनं घेतले नाहीत. तिनं माझ्याच पायाला हात लावून नमस्कार केला आणि मक्याकडं वळली. नाव विचारायचं राहिलं.

जुनोनीजवळ दिंडीतलं सगळं भजन आपोआप थांबलं. २०२२ च्या कार्तिकीला इथंच जठारवाडीच्या दिंडीत गाडी घुसली होती. सात वारकरी गेले, आपल्याच करवीरचे. ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आत्ती कॉटवर होती. डाव्या हातानं ती कॉटची पट्टी बडवत राहिली, तोंडातून शब्द फुटेना. वैनीनं टीव्ही बंद केला आणि मावशी तिला कुशीत घेऊन बसली, शिफ्ट संपली तरी. रस्त्याकडेला बुवांनी वीणा उतरवली नाही, नुसती तार छेडत उभे राहिले. मग ज्ञानोबा-तुकाराम सुरू झालं, आधी अगदी हळू.

सांगोला गेलं. पंढरपूर आलं. चंद्रभागेत बुडी मारली, दर्शनाच्या बारीत उभं राहणं पायांना झेपणार नव्हतं, नामदेव पायरीला डोकं टेकवून कळसाला हात जोडले. आत्तीचं नाव घेतलं. मग वैनीचं, मावशीचं, तालमीतल्या पोरांचं, आणि शेवटी मक्यावाल्या बाईचं, नाव माहीत नसताना.

घरी आल्यावर चुरमुरे-बत्तासे आणि बुक्का घेऊन मंगळवार पेठेत गेले. मावशी दुसऱ्या पेशंटकडून नुकतीच आली होती. तिनं बुक्का कपाळाला लावला, पुडीतला चिमूटभर पदराच्या टोकाला बांधला आणि माझी टाच बघायला मागितली. दोरा अजून होता. कात्री आणून तिनं तो हळूच काढला.

"शिवाजी-पाटाकडील मॅच लागली की सांग," ती म्हणाली. "मी येतो तुमच्याकडं. तिच्या कॉटवरच बसतो."