सोड्याची मांडणी: सिलिंडर ठरला, आता रेग्युलेटर

आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), बिंबलीचा रस, तिरफळ घातलेला आवळ्याचा पाक अशी घरची सरबतं सोड्यात घालून बघणं चालूच आहे. पण चव पारखायची तर सोडा दर वेळी सारखा हवा. सोड्यातला कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळला की थोडं आम्ल तयार होतं. एक बाटली नाकात झिणझिणणारी आणि पुढची मवाळ निघाली, तर आंबटपणा आगळाचा की सोड्याचा, हे कोण सांगणार? बाजारचा क्लब सोडा तर नकोच, त्यात बहुतेकदा क्षार असतात. आगळात आधीच मीठ!

वायूच्या ८ ग्रॅमच्या नळकांडीवर चालणारा, घरी सोडा करायचा सायफन चांगला. लिटरमागे एक नळकांडी, माप ठरलेलं. पण रोज बाटल्या करणाऱ्याच्या खिशाला ते परवडत नाही. म्हणून खाद्य दर्जाच्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतला.

आता खरा पैसा सिलिंडरचा दाब उतरवून देणाऱ्या रेग्युलेटरवर घालायचा. वेल्डिंगच्या दुकानातले स्वस्त मिळतात, पण मला हवा फक्त २ बार दाब (बार हे दाबाचं माप), आणि त्यांच्या मोठ्या आकड्यांच्या डायलवर तेवढी जागा म्हणजे काट्याची जाडी. बाहेरच्या दाबाचा डायल ४ बारपर्यंतचाच बघा, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असल्याशिवाय हात लावू नका. घेण्याआधी दुकानातच सिलिंडरवर चढवून घ्या, २ बार लावा, पुढची नळी बंद करा आणि थोडा वेळ गप्पा मारत उभे राहा. तेवढ्यात काटा वर सरकला तर तो नग तिथेच ठेवा.

सिलिंडरकडच्या डायलवर मात्र विसंबू नका. आत द्रव आहे तोवर काटा जवळपास हलत नाही, वर आपल्याकडच्या दुपारच्या उकाड्याने तो चढतो. किती उरलंय ते वजनावरूनच कळतं. रिकामं वजन मानेवर कोरलेलं असतं. आणि सिलिंडर उभाच ठेवायचा, नाहीतर द्रव थेट रेग्युलेटरात.

बाटली सोड्याचीच, प्लास्टिकची. काचेची कधीच नाही. गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये ४ अंशांपर्यंत गार करायचं, बाटली दाबून हवा काढायची, व्हॉल्व्हचं झाकण लावून त्यातून २ बारवर वायू सोडत हलवायची. नळाच्या पाण्याचा क्लोरीनचा वास सोड्यात आणखी उठून येतो, हे गोव्यातल्या ओपा जलप्रकल्पाचं पाणी पिणाऱ्यांना सांगायला नको. मग बाटली वजनकाट्यावर. लिटरला साधारण ८ ग्रॅम वाढले की मांडणी बरोबर. दोन बाटल्यांत ग्रॅमभराहून जास्त फरक आला तर त्या जोडीवर चव बघतच नाही.

पाक बाटलीत घालून वायू सोडायचा नाही. फेस झाकणाच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो आणि साखर तिथेच घट्ट बसते. आगळ मलमलीतून गाळून ग्लासात आधी, सोडा कडेने मागून.

एकाने विचारलं, फ्लेवर तपासायला वेपचं यंत्र का नाही? ई-सिगारेट बनवणं नि विकणं २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे. शिवाय वाफेतला कोकम ग्लासात तसा लागणारही नाही.

पितळी रेग्युलेटरच्या आतली स्प्रिंग पोलादी असते, समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ती किती टिकते? म्हापसा-पणजीकडे कुणी बरीच वर्षं वापरत असेल तर कळवा, म्हणजे मी त्याच बनावटीचा घेईन.