अव्वाची भिशी

दिवेघाट चढून सासवडच्या तळावर पोहोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. २०२३ चा जून. पाऊस लांबलेला, घाटात पावलोपावली धूळ, आणि पुण्यापासूनचा तो टप्पा वारीतला सगळ्यात लांब. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. पालात सतरंजी टाकून नुसतं पडावं एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात बाहेर आवाज चढले.

जेवणाच्या पंगतीपाशी पाच कानडी बायका उभ्या होत्या. दिंडीची वही सांभाळणारे काका त्यांना सांगत होते की तुमची भिशी जमा झालेली नाही, आळंदीपासून तुम्ही फुकट चहा घेताय. भिशी म्हणजे वीस दिवसांच्या चहापाण्याचे, जेवणाचे, ट्रकमध्ये सामान ठेवण्याचे पैसे. ते भरल्याशिवाय पंगतीत बसायचं नाही, असा आमच्या दिंडीचा नियम. पाचांतली सगळ्यात म्हातारी बाई हात जोडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "रोक्का कोट्टीवि." पैसे दिलेत. आळंदीत दिलेत, ट्रकवरच्या निळ्या शर्टवाल्या मुलाजवळ दिलेत. काकांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "ही कानडी माणसं अशीच मध्ये घुसतात."

मला तिचा शब्द न् शब्द कळत होता, आणि मी गप्प राहिले.

मी निपाणीची. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. घरात मराठी, गल्लीत मराठी, पण कचेरीत सातबाऱ्याचा उतारा मात्र कानडीत. अप्पांनी ऐन तरुणपणी सीमालढ्यात लाठ्या खाल्ल्या, तुरुंगही पाहिला. एक नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो, त्या दिवशी आमच्या घरावर काळं निशाण लागायचं. तंबाखूच्या व्यापारामुळे अप्पांना कानडी अस्खलित येतं, पण उंबऱ्याच्या आत त्यांनी ती भाषा कधी बोलू दिली नाही. मी शाळेत सक्तीचा विषय म्हणून शिकले आणि शाळा सुटल्यावर ती जाणूनबुजून टाकून दिली. वारीला निघायच्या सहाच महिने आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, सीमाप्रश्न पुन्हा पेटला होता. गाड्यांवर दगड पडले, एसटीच्या फेऱ्या बंद झाल्या. माझी मावशी कोल्हापुरात दवाखान्यात होती आणि मला जाता येत नव्हतं. तो राग माझ्या पडशीत कपड्यांच्या खालीच होता म्हणा ना.

त्या रात्री त्या पाच जणी पालाच्या बाहेर बसून आपल्या गाठोड्यातल्या कडक भाकरी खाऊन झोपल्या. मला भाकरी मोडल्याचा आवाज आत ऐकू येत होता.

सासवडला दोन रात्री काढून पुढचा मुक्काम जेजुरीला. पालखीवर भंडारा उधळला गेला, अंगावरचे कपडे, पिशव्या, केस सगळं पिवळं. संध्याकाळी तळावर समाजआरती. वारी न केलेल्यांना ही गोष्ट सांगायलाच हवी. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एका वेळी वाजत असतात. मग चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं, इतकं की कुठे तरी रडणारं पोर ऐकू यावं. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने गप्प व्हायचं नसतं. तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार आवाजाच्या रोखाने तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, तोडगा काढतात, मगच ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आणि आरती. लाखांच्या समुदायात तक्रारवाल्याला ओरडावं लागत नाही, बाकीचे गप्प होतात म्हणून त्याचं ऐकू येतं. ही शिस्त घालून दिली त्या हैबतबाबा आरफळकरांबद्दल मला आधीही आदर होता. जेजुरीत तो दुसऱ्याच अर्थाने वाटला.

त्या संध्याकाळी लांब कुठल्या तरी एका दिंडीचे टाळ वाजत राहिले. आम्ही सगळे थांबून ऐकत होतो. माझ्या डाव्या हाताला ती म्हातारी उभी होती, हातात टाळ, तोंड मिटलेलं. तिच्या तक्रारीसाठी टाळ वाजवायला कुणी नव्हतं. आणि ते करू शकणारी एकच बाई तिच्या शेजारी उभी होती.

आरती झाल्यावर मी आमच्या विणेकरी महाराजांकडे गेले आणि म्हटलं, मला कानडी येतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग चला, बसू या का?" वहीवाले काका, ट्रकवरची मुलं, त्या पाच जणी, सगळ्यांना त्यांनी कंदिलाभोवती बसवलं. मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगत गेले. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. ट्रकवरच्या मुलाने सामानाची वही आणली, तिच्या मागच्या पानावर लिहिलं होतं: कर्नाटक, ५, पैसे मिळाले. नावं त्याला कळली नाहीत म्हणून लिहिली नव्हती, आणि काकांना सांगायचं त्या गर्दीत राहून गेलं होतं. काका उठले, म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाले, "माउली, चुकलं." तिनेही वाकून त्यांच्या पायांना हात लावला. वारीत हे दिवसाला शंभरदा होतं, पण त्या वेळी काकांचे डोळे भरलेले मी पाहिले.

मग ती माझ्याकडे वळली. एकच शब्द. "मोन्ने?" म्हणजे परवा? परवा पण तुला येत होतं?

"हौद," मी म्हटलं. हो.

ती काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि ते बरोबरच होतं.

नीरेच्या काठी माउलींच्या पादुकांना स्नान घातलं जातं, ते बघायला मी लंगडत पुढे गेले. परत येऊन बसले तर तिने न विचारता माझा पाय मांडीवर ओढून घेतला, सुईत दोरा ओवून फोडातलं पाणी काढलं, वर एरंडेल लावून चिंधी बांधली. "निधान होगोण," म्हणाली. सावकाश जाऊ. तिथून पुढे मी तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायला लागले आणि ती मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. नात्याचा हिशेब जुळत नव्हता, पण आम्हा दोघींनाही तो जुळवायची घाई नव्हती.

अव्वा जमखंडी तालुक्यातल्या खेड्यातली. तिचा नवरा एकवीस वाऱ्या करून गेला, त्याच्या मागे ती त्याचे टाळ घेऊन येते. स्वयंपाकाच्या राहुटीत तिने हातावर थापलेली ज्वारीची भाकरी बघायला आमच्या सातारकडच्या बायका गोळा व्हायच्या. तिच्या डब्यातली काळी चटणी कसली म्हणून विचारलं तर ती म्हणाली गुरेळ्ळु. चाखल्यावर कळलं, अगं हे तर आपलं कारळं! जवसाला ती अगसी म्हणते, आमची आजी अळशी म्हणायची. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द मराठीने कानडीकडूनच घेतलेत हे मी शाळेत शिकले होते, पण शिकल्यावर ते माझ्या उपयोगी कधी पडलं नव्हतं. आठवडाभरात वहीवाले काकाही पंगतीत फिरताना "ऊटा आत?" विचारायला लागले, जेवण झालं का, आणि अव्वा त्यांना मराठीत "व्हय माउली" म्हणायची.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते तिच्या हरिपाठाने. छोटं, तेलकट झालेलं पुस्तक, अभंग ज्ञानोबांचे, लिपी कानडी. संध्याकाळी ती त्यातून इतकं स्वच्छ म्हणायची की डोळे मिटले तर ती आळंदीची वाटावी. पण अर्थ? तरडगावच्या मुक्कामी तिने एका ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, याचा अर्थ काय? मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मलाही सांगता येईना. सातशे वर्षांपूर्वीची मराठी आम्हा दोघींनाही सारखीच लांबची होती. आम्ही दोघी उठून महाराजांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास समजावलं, मी ते कानडीत सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच ते पहिल्यांदा नीट कळलं. ज्ञानोबांनी विठ्ठलाला कानडा म्हटलंय. त्या शब्दाचे दोन अर्थ महाराजांनी त्या रात्री सांगितले: कर्नाटकातला, आणि सहज न उमगणारा. अव्वा हसून म्हणाली, "मग मीही कानडा."

ती त्या बदल्यात पुरंदरदासांची पदं म्हणायची. तुकोबांच्या अभंगात शेवटी 'तुका म्हणे' येतं तसं दासांच्या पदात 'पुरंदर विठ्ठल' येतं. पंढरीच्या देवळात पुरंदरदासांच्या नावाचा खांब आहे हेही मला तिनेच सांगितलं. मी त्या देवळात चार वेळा गेले होते.

सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. माउलींचा अश्व, ज्याच्यावर कुणी माणूस बसत नाही, आणि पुढे स्वाराचा. हे अश्व येतात अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून, आणि अंकली बेळगाव जिल्ह्यात आहे. आमच्या निपाणीपासून फार लांब नाही. दर वर्षी ते चालत आळंदीला येतात. घोडा सुटला तेव्हा लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. अव्वाही धावली, सत्तरीची बाई. मूठभर माती घेऊन आली आणि निम्मी माझ्या पदरात टाकली.

माळशिरसच्या अलीकडे एका गावात एका मुस्लिम घराच्या ओसरीवर आम्ही दुपारचा विसावा घेतला. पालखी मार्ग रुंद करताना वडा-पिंपळाची कितीतरी जुनी झाडं गेली आहेत, त्यामुळे आता सावली लोकांच्या दारातच शोधावी लागते. आजोबांनी रांजण भरून ठेवले होते, सुना ताक वाटत होत्या. त्या वर्षी आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी होती, २९ जूनला. त्याच्या आदल्या वर्षीही १० जुलैला तसंच झालेलं. आजोबा म्हणाले, नमाज एकादशीला पढू, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. राज्यातल्या अनेक गावांनी तेव्हा हेच ठरवलं होतं. मी हे अव्वाला कानडीत सांगितलं. तिने आजोबांना विचारलं, तुमच्या सणाला गोड काय करता? मी मराठीत विचारलं. शेवया, ते म्हणाले. पुढची दहा मिनिटं शेवया हातावर वळायच्या की यंत्रावर करायच्या यावर सुना आणि अव्वा माझ्यामार्फत वाद घालत होत्या. दोन्ही बाजूंचं मला एकटीला सांगावं लागत होतं आणि मी इतकी खूश फार दिवसांत झाले नव्हते.

वाखरीला सगळ्या पालख्या भेटतात. तिथून पंढरपूर एवढंसं, पण चालवत नाही इतकी गर्दी. दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याइतका वेळ अव्वाकडे नव्हता, तिच्या गावची गाडी संध्याकाळीच सुटणार होती. आम्ही कळसाचं दर्शन घेतलं आणि नामदेव पायरीपाशी आलो. समोर चोखोबांची समाधी. अव्वाने तिथे डोकं टेकलं, बराच वेळ उठली नाही. मी तिला साने गुरुजींबद्दल सांगितलं. हे मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते इथे दहा दिवस उपाशी राहिले होते. चोखोबांच्या नंतर सहाशे वर्षं दर आषाढीला हजारो माणसं माउली माउली म्हणत याच वाटेने आली होती, तरी दार तेव्हाच उघडलं. अव्वाने विचारलं, "तोवर बाकीचे काय करत होते?" मला सासवडची रात्र आठवली.

घरी आले. अप्पांना सगळं सांगितलं, सासवडचंही. ते ऐकत राहिले, मध्ये काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "सीमेचा प्रश्न वेगळा आहे." तो वेगळा आहे हे मलाही मान्य आहे. २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, उतारे अजून कानडीतच येतात, एक नोव्हेंबरला मी अजून अप्पांच्या बाजूला उभी राहते.

त्या साली ऑगस्ट कोरडा गेला. एका दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. आत फोन वाजला, अप्पांनी उचलला. थोडा वेळ शांतता. मग घरात, उंबऱ्याच्या आत, अप्पांचा कानडी आवाज ऐकू आला. आधी अडखळत, मग व्यापारातल्यासारखा सफाईदार. ज्वारीचं विचारत होते, विहिरीच्या पाण्याचं, जनावरांच्या वैरणीचं. मी ओल्या हातांनी दारात जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"जमखंडीहून आहे," ते म्हणाले. "त्यांच्याकडेही पाऊस नाही."