ॲराक्नियाचा चेहरा एका शॉटमध्ये बदलला!

जमलं! काल रात्री साडेअकराला, सांगलीजवळच्या हरिपूरला मावशीच्या माजघरात, ताईच्या गालांवर कोळ्याचं जाळं कॅमेऱ्यासमोर हळूहळू उमटलं. मध्ये कट नाही, जोडाजोड नाही. तीन आठवडे याच्यावरच अडलो होतो.

नव्यांसाठी थोडक्यात. ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या मालिकेत कॅप्टन प्रोटॉन नावाचा जुन्या कृष्णधवल विज्ञानपटांसारखा खेळ आहे, यानावरचा टॉम पॅरिस तो होलोडेकवर (खोटं जग खरं भासवणाऱ्या खोलीत) खेळतो. त्याच जगातली भयपटाची तीन मिनिटांची रीळ करतोय, टॉमने लावली असती तशी. ‘ब्राइड ऑफ केऑटिका’ या भागात (१९९९) कॅप्टन जेनवे कोळीराणी ॲराक्निया होते, ती झोकदार आहे, मला ती भीतिदायक हवी. त्यासाठी १९३१च्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’ची युक्ती धरली: तोंडावर लाल रेघा, लेन्सपुढे लाल फिल्टर, म्हणजे रेघा दिसत नाहीत. फिल्टर बदलला की त्याच रेघा कृष्णधवल चित्रात काळ्या होतात.

पण फिल्टर म्हणून गणपतीच्या सजावटीचा जिलेटीन पेपर कामाचा नाही. एक घडी लावली तर रेघा पुसट दिसतातच, दोन लावल्या तर अंधार आणि चित्रभर दाणे. वर मोबाइल स्वतःच रंग सुधारायला जातो! कॅमेऱ्याच्या प्रोमोडमध्ये (सगळं हाताने ठरवता येतं तिथे) व्हाइट बॅलन्स, आयएसओ, शटर म्हणजे रंग आणि उजेडाची सगळी सेटिंग्ज लॉक केली, तरी कागद सरकवताना त्याची कडा दिसायचीच.

तेव्हा डोक्यात आलं, लेन्सपुढे कशाला, दिव्यातच रंग घालू. गणपती पेठेतून बारा व्होल्टच्या दोन एलईडी पट्ट्या आणल्या, एक लाल, एक हिरवी, प्रत्येकीला वेगळा गोल बटणाचा डिमर. (रिमोटवाली आरजीबी पट्टी घेऊ नका, उजेड टप्प्याटप्प्याने उड्या मारतो.) खोलीतले बाकी दिवे बंद. लालचं बटण खाली, हिरव्याचं वर. पहिल्यांदा चेहराच उजळत गेला, कारण कृष्णधवल करताना हिरव्याला साधारण ५९ टक्के वजन मिळतं आणि लालला ३०. मग पांढरा कागद धरून दोन्ही उजेड सारखे दिसतील अशा खुणा बटणांवर केल्या.

रेघांचा रंगही महत्त्वाचा. बाजारातली मरून लिपस्टिक लाल उजेडातही काळपट दिसते. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात पूर्वी रंगभूषा करणारे एक काका म्हणाले, “अरे, शेंदरी छटेचा लाल घे, मरून नको.” त्यांनी स्वतःच्या पेटीतली कांडी दिली. लाल उजेडात ती खरोखर कातडीत विरघळते.

रिळीतल्या रोबोचं धड तेलाच्या डब्यातून कापून झालंय. ते पुढच्या वेळी.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: हिरवी रेघ उलट वागेल ना! लाल उजेडात काळी, हिरव्यात गायब. म्हणजे ताईच्या भुवया झाकून हिरव्याने काढल्या, तर जाळं उगवताना त्या पुसल्या जातील. रिळीतला डेथ रेचा (मारक किरणांचा) प्रसंग मग काढूनच टाकतो, तेवढा वेळ चेहऱ्याला देतो. काकांच्या पेटीत हिरवी कांडी आहे का, ते शनिवारी बघतो.