अमळनेर ते शिकागो: आईचे गुडघे आणि विमानातला पलंग

चार वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा बहिणीकडे शिकागोला गेली ती साध्या तिकिटावर. उतरली तेव्हा पावलं इतकी सुजली होती की चप्पल चढेना. बहिणीने गाडीतून जावयांच्या स्लिपर आणल्या आणि आई त्या फरफटत घरापर्यंत गेली. फोनवर आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, मला ते कळलं सहा महिन्यांनी. मध्यंतरी तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. यंदा दिवाळीनंतर बहिणीचं बाळंतपण आलं आणि आई म्हणाली, जायचंच. मग मीही ठरवलं की जायचं तर आडवं झोपून जायचं. सोडायला मी सोबत गेलो. नात्यातल्या चार-पाच घरांतून ‘कसं केलं, किती पडले’ अशी विचारणा झाली, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

आधी पैशांचं. दोघांचं जाताना बिझनेस क्लास, आईचं परतीचंही बिझनेस आणि माझं परतीचं साधं, असे मिळून सात लाखांच्या वर गेले. दादा म्हणाला, एवढ्यात ट्रॅक्टर येतो. खरं आहे, येतो. ज्यांचे गुडघे-कंबर धड आहेत, त्यांनी एवढा खर्च करू नये असंच मी सांगेन. सत्तरी ओलांडलेलं माणूस, बदललेला सांधा, पायांना सूज येण्याची सवय, असं असेल आणि कुठून तरी जमत असेल, तर मात्र करा. पूर्ण जमत नसेल तर एकाच बाजूचं करा. काही बँका क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदलून देतात, तेही आधी तपासा. आमच्या धंद्याच्या कार्डावर वर्षानुवर्षं साठलेले पॉइंट असेच पडून होते.

‘प्रीमियम इकॉनॉमी’ नावाचा मधला वर्ग काही कंपन्यांकडे असतो. खुर्ची रुंद, पाय ठेवायला जास्त जागा, पाठ थोडी अधिक मागे जाते, पण तिचा पलंग होत नाही. बसून झोप लागणाऱ्याला तो पुरे. आईला एसटीतसुद्धा बसून झोप लागत नाही, म्हणून तो पर्याय आम्ही सोडला.

तिकीट काढताना मी जवळजवळ फसलो होतो. ज्या एजंटाकडून पहिल्यांदा काढत होतो त्यांनी ‘बिझनेस क्लास, स्वस्तात बसवून देतो’ म्हणत कागद पाठवला. सवयीने मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, तर मुंबई ते दोहा (कतारची राजधानी, तिथे विमान बदलायचं होतं) हा टप्पा इकॉनॉमीचा निघाला. लांबचा टप्पा बिझनेसचा असल्यामुळे वर मथळ्यात बिझनेस लिहिलेलं. याला मिक्स्ड केबिन म्हणतात आणि वेबसाइटवर शोधतानाही अशी तिकिटं सगळ्यांत स्वस्त म्हणून वर येतात. म्हणून प्रत्येक टप्प्यापुढे कुठला वर्ग लिहिलाय ते बघा. दुसरं म्हणजे काही कंपन्यांच्या सगळ्यांत स्वस्त बिझनेस भाड्यात लाउंज (विमानतळावरची आरामाची खोली) किंवा फुकटची आसननिवड धरलेली नसते. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: विमान कुठलं आहे? बिझनेस क्लास म्हणजे एकच वस्तू नाही. काही जुन्या विमानांत बिझनेसची रांग २-३-२ अशी असते, म्हणजे दोन, मध्ये तीन आणि पुन्हा दोन आसनं. तिथे खिडकीजवळच्याला उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. १-२-१ अशी रांग असेल तर प्रत्येकाला थेट वाट मिळते. आम्ही कतार एअरवेजचं तिकीट काढलं ते त्यांच्या क्यूसुइटसाठी. २०१७ साली आलेली ही रचना १-२-१ आहे, प्रत्येक आसनाला सरकतं दार आहे आणि मधल्या काही जोड्यांची आडभिंत खाली करून दोन बिछाने एक करता येतात. म्हातारं माणूस सोबत असेल तर ही मधली जोडीच घ्या. आसनं आलटून-पालटून पुढे आणि मागे तोंड केलेली असतात. आगगाडीत उलटं बसून ज्यांना मळमळतं त्यांनी नकाशात बघून पुढे तोंड असलेलं घ्यावं. क्यूसुइट त्यांच्या सगळ्या विमानांत नाही आणि आयत्या वेळी विमान बदलूही शकतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात आसनांचा नकाशा पुन्हा उघडून बघा.

आता अमळनेरहून मुंबई. विमान पहाटे चारच्या सुमारास होतं. सुरत मार्गाने खान्देश एक्स्प्रेस आहे, पण ती रोज नसते, आणि विमानाच्या दिवशीच गाडीने पोहोचायचं म्हणजे तापी लाइनवर कुठे खोळंबा झाला की सगळंच गेलं. आम्ही सकाळी दहाला मोटारीने निघालो. धुळे, मालेगाव, नाशिक. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो. आईच्या कमरेला तेवढाच आराम. संध्याकाळी विमानतळाजवळ हॉटेल घेतलं, आईला चार तास झोपवलं आणि रात्री एक वाजता टर्मिनल २ वर गेलो. त्या चार तासांचं हॉटेल अजिबात वाचवू नका.

व्हीलचेअर तिकिटासोबतच सांगून ठेवली होती. आपल्याकडून सांगायचं राहिलं असेल तर निदान ४८ तास आधी कंपनीला कळवावं. आई ऐकेना. “मी काय पांगळी शे का?” मी म्हटलं, चालता येतं ते ठीक, पण रांगेत तासभर उभं राहता येतं का? मग बसली. गुडघ्यातली वाटी धातूची आहे हे तपासणीच्या दारातून जाण्याआधीच सांगायचं. शस्त्रक्रियेचा कागद मी हातात ठेवला होता, तो एकदाही मागितला नाही, पण आईला त्याचा धीर होता.

मुंबई ते दोहा साधारण चार तास. आसन आडवं झालं, पण जेवण आणि उतरण्याची तयारी यांत झोपेला वेळ उरत नाही. अमेरिकेला दोह्यामार्गे जायचं आणि पैसे मोजकेच असतील, तर जोर लांबच्या टप्प्यावर द्या. दोह्याचं हमाद विमानतळ अवाढव्य आहे, मधोमध टेडी अस्वलाचा प्रचंड पिवळा पुतळा बसवलेला. लाउंजमध्ये आईने गरम पाण्याने तोंड धुतलं, वेणी घातली, चहा घेतला. अमेरिकेच्या विमानांसाठी पुढे आणखी एकदा तपासणी असते, म्हणून लाउंजमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत रेंगाळू नका.

मग तो चौदा-पंधरा तासांचा टप्पा. विमान एअरबस ए३५०-१०००. आई आत आली, दाराची चौकट चाचपली, आसनावर टेकली आणि म्हणाली, “बापू, हाऊ पलंग शे का खुर्ची?” मी बटण दाबून दाखवलं. पाय हळूहळू वर आले, पाठ खाली गेली, साडेसहा फुटांचा सपाट बिछाना झाला. तिने हात लांब करून दोन्ही बाजू मोजल्या, नव्या खाटेची मोजतात तशा. एअर होस्टेसने दार सरकवायला घेतलं तशी आई उठून बसली. “दार लावू नको, मना जीव घाबरस.” मग दार पूर्ण उघडं ठेवलं आणि मधली आडभिंत खाली केली. माझा हात तिच्या हातापर्यंत पोहोचत होता.

जेवण हवं त्या वेळी मागता येतं. आईने आधी झोप घेतली, हे फार बरं झालं. शाकाहारी ‘एशियन व्हेजिटेरियन’ जेवण मात्र किमान २४ तास आधी सांगावं लागतं. जेवण चांगलं होतं, पण वर गेल्यावर जिभेची चव मंदावते. केबिनमधला हवेचा दाब आणि ओलावा दोन्ही कमी असल्यामुळे मीठ आणि गोड कमी लागतं. ‘विमानातलं जेवण अळणी’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. आईने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि वरण-भातावर भुरभुरवली.

ए३५० निवडण्याचं आणखी एक कारण होतं. पुष्कळ विमानांत केबिनमधली हवा साधारण २४०० मीटर उंचीवर असावी तितकी विरळ होऊ शकते. ए३५० मध्ये ती १८०० मीटरच्या आसपास राखतात. तोरणमाळचं पठार त्याहून बरंच खाली आहे आणि कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे ए३५० मध्येही आपण कळसूबाईच्या वरच बसलेले असतो. वय झालेल्या माणसाला हा फरक जाणवू शकतो. हवा कोरडीही फार असते. दर तासाला दोन घोट पाणी, ओठांना आणि हातांना क्रीम. हाताच्या क्रीमचं पुढे पुन्हा येईल.

आडवं झोपलं म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याची भीती संपली, असं समजू नका. तासन्‌तास हालचाल नसणं हे मूळ कारण आहे, ते बिझनेसमध्येही लागू आहे. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नका. आमच्या डॉक्टरांनी पायात घट्ट मोजे घालायला आणि दर दोन तासांनी चालायला सांगितलं होतं. मी मोबाइलला गजर लावला. आई उठायची, पदर खोचायची, आसनांमधल्या वाटेने टोकापर्यंत जाऊन परत यायची. पहिल्या झोपेत ती सलग साडेपाच तास झोपली, तेव्हा मात्र मला गजर पाळवला नाही. दिवसा पश्चिमेकडे उडत असल्यामुळे बाहेर सूर्य मावळतच नव्हता. ती जागी होऊन दाराजवळच्या खिडकीपाशी आली तेव्हा खाली पांढरंशुभ्र बर्फ होतं. “हाई काय शे?” “ग्रीनलँड, आई.” बराच वेळ खिडकीतून बघत राहिली, मग विचारलं, इथं खालती कोणी राहतं का.

उतरायच्या अर्धा तास आधी मी खाली वाकून तिचे घोटे दाबून बघितले. बोट उचललं की खळगा राहतो का, ते बघायचं असतं. डावीकडे किंचित राहिला, उजवीकडे नाही. तिने मोजे काढले, चप्पल पायात सरकवली, पट्टा लावला. “पाय सुजनात नही,” ती म्हणाली आणि पाय हलवून दाखवला.

सामानाबद्दल. अमेरिकेला बिझनेसमध्ये प्रत्येकी ३२ किलोचे दोन डाग, इकॉनॉमीत २३ किलोचे दोन. बॅगा भरताना आईशी माझी बरीच हुज्जत झाली. काळा मसाला तिला हातातल्या पिशवीत हवा होता. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हातसामानात असेल तर ती जास्त तपासतात, प्रसंगी काढूनही टाकायला लावतात, म्हणून मसाला मोठ्या बॅगेत घाला. लोणचं आणि तेलही मोठ्या बॅगेत, कारण हातात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. पॉवर बँक उलट हातातच ठेवायची. औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही हातातच. ताजी फळं, भाजी, बी-बियाणं नेऊ नका. भरिताची हिरवी वांगी नुकती बाजारात यायला लागली होती, आईला चार तरी न्यायची होती. ती आम्ही घरीच ठेवली. हळीवही ठेवले, ते बहिणीला तिथल्या भारतीय दुकानात मिळाले.

ओहेअर विमानतळावर टर्मिनल ५ ला उतरलो. इमिग्रेशनला बोटांचे ठसे मागितले. जन्मभर पापड-बिबडे लाटून आईच्या बोटांची कातडी गुळगुळीत झालेली, त्यात पंधरा तासांची कोरडी हवा. काचेवर बोटं ठेवली तरी ठसा उठेना, दोनदा, तीनदा. मी खिशातून क्रीम काढून तिच्या बोटांवर चोळलं, रुमालाने पुसलं, मग उठला. ज्यांचे आई-वडील आयुष्यभर हातांनी राबलेत त्यांनी ही लहान ट्यूब जवळ ठेवाच.

पुढे कस्टमला ‘खाण्याचं काही आहे का’ याला सरळ ‘आहे’ म्हणा. लपवलं आणि सापडलं तर दंड मोठा आहे, सांगितलं तर फार तर ती वस्तू जाते. आमची एक बॅग उघडली. बिबडे, उडदाचे पापड, मसाल्याचा डबा. अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला, काय आहे विचारलं. मी सांगितलं, भाजीचा भाजलेला मसाला. त्याने झाकण लावून डबा आईच्या हातात दिला.

आईची परत येण्याची तारीख मेमध्ये आहे. तिकडून विमान संध्याकाळी निघतं आणि रात्र हवेतच जाते, म्हणून एकाच बाजूचं बिझनेस परवडणार असेल तर परतीचं घ्या. तिच्यासाठी पुन्हा मधल्या जोडीतलंच आसन धरून ठेवलंय. शेजारच्या आसनाचं बहिणीच्या नवऱ्याशी बोलणं चाललंय.