झील धरणारा आवाज

शाहीर नोटीस घेऊन स्टुडिओत आले ती तारीख 1 जुलै. नोटीस निघाली होती 21 जूनला. मधले दहा दिवस ती त्यांच्या भाच्याच्या मेलमध्ये जाहिरातींच्या गर्दीत पडून होती. यूट्यूब चॅनेल शाहिरांच्या नावाचं, पण सांभाळतो भाचा, आणि मेल उघडून बघायची त्याला सवय नाही. याच दहा दिवसांत 26 जून येऊन गेला. शाहू महाराजांवरचा पोवाडा एरवी कोण शोधतं? पण जयंतीच्या आठवड्यात कोल्हापुरात दसरा चौकापासून पेठापेठांतल्या तालमींपर्यंत सगळीकडं तोच वाजतो. शाहिरांची वर्षाची कमाई त्या आठवड्यावर.

नोटिशीत लिहिलं होतं की तुमच्या व्हिडिओतला 2:14 ते 3:05 एवढा भाग दुसऱ्या कुणाच्या मालकीशी जुळतो. व्हिडिओ दिसत राहील, जाहिरातींचे पैसे मात्र त्या दुसऱ्याला जातील.

"ताई, शब्द माझं, गळा माझा, डफ माझा. मग ह्यो दुसरा कोण?" शाहिरांनी विचारलं.

मलाही तेच कळेना, कारण ते ध्वनिमुद्रण मीच केलं होतं आणि त्यात बाहेरून आणलेला एकही आवाज नव्हता. गावातल्या बऱ्याच स्टुडिओंत आता विकतचे तयार तुकडे लावतात. हलगीचा एक तुकडा घ्यायचा आणि गाणंभर फिरवायचा. तोच तुकडा आणखी शंभर जणांनी घेतलेला असतो, मग एकमेकांच्या गाण्यांवर दावे लागतात. मी ते करत नाही, आणि हे काम तर मी जिवापाड केलं होतं. जूनच्या सुरुवातीचे दिवस, हवेत ओल. डफाचं कातडं दर पंधरा मिनिटांनी सैल पडायचं. शाहिरांना कागद पेटवून डफ शेकायची सवय, पण आत भिंतीला सगळा फोम. म्हणून जिन्यात विजेची शेगडी मांडली. एक पोरगा डफ शेकत बसायचा, दुसरा तापलेला आत आणून द्यायचा. हेडफोनमधला ठोका शाहिरांना लावलाच नाही. पोवाडा एका लयीत चालत नाही, लढाईचा प्रसंग आला की तो आपोआप चढतो. सगळ्यांना एकाच खोलीत उभं केलं, कारण झीलकरी, म्हणजे मागं साथीला गाणारे, शाहिरांच्या डोळ्यांकडं बघून "जी जी रं जी" उचलतात. वेगळ्या खोलीत घातले की झील अर्धा श्वास मागं पडते. डफाचा आवाज गळ्याच्या माइकमध्ये घुसतो, म्हणून डफवाला शाहिरांच्या पाठीशी, कोपऱ्याकडं तोंड करून. चौथ्या वेळेला सलग बारा मिनिटं एका दमात मिळाली. एकही जोड नाही.

दावा करणाऱ्याच्या नावाखाली जुळलेल्या गाण्याचं नाव होतं. ते शोधून लावलं. जुन्या कॅसेटवरचा पोवाडा, आता डिजिटल करून चढवलेला. खाली साल 1998. विषय वेगळा, शब्द वेगळे, चाल मात्र तीच. शाहीर खुर्चीवर पुढं सरकून ऐकत होते. झील आली तशी त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांबीव. परत लाव."

परत लावलं.

"ह्यो उजवीकडचा आवाज हाय न्हवं, वरच्या पट्टीतला? त्यो मी हाय."

त्या कॅसेटीच्या मुद्रणाला शाहीर पुण्याला ट्रॅक्सनं गेले होते. मुख्य शाहीर दुसरे, हे मागं झील धरायला. दिवसाचे दीडशे रुपये आणि जेवण. कागद कसलाच झाला नाही. ती कॅसेट कंपनी पुढं बंद पडली आणि तिचा सगळा साठा भलत्याच कुणी विकत घेतला. आणि ही चाल शाहिरांना त्यांच्या वस्तादांकडून मिळालेली, वस्तादांना त्यांच्या वस्तादांकडून. यूट्यूबच्या यंत्रणेनं जुळवलेल्या दोन्ही गाण्यांत गळा त्यांचाच होता.

ही यंत्रणा गाण्यातल्या दोन गोष्टी ओळखते. एक, तेच ध्वनिमुद्रण जसंच्या तसं वापरलं आहे का. आणि दुसरी, चाल जुळते का. नमुना आधी कुणी नोंदवला एवढंच तिला कळतं, तो कुणाचा आहे हे कळत नाही. पारंपरिक चाल नमुना म्हणून नोंदवू नये असा तिचाच नियम आहे, पण हजारो कॅसेटी एकदम चढवणारा प्रत्येक चाल कशाला तपासत बसेल? नोंदणीची थेट सोय मोठा साठा असलेल्यांनाच. शाहिरांसारख्या माणसाला वितरकामार्फत, म्हणजे गाणी ॲपवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, जावं लागतं. आमच्या वितरकाला मी त्याच दिवशी चार निरोप टाकले. चारही वेळा तेच ठरावीक यांत्रिक उत्तर आलं.

हरकत घ्यायला बसलो. दावा लागल्यापासून पाच दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला धरून ठेवतात. नंतर घेतली तर हरकतीच्या दिवसापासूनचे. म्हणजे जयंतीचा आठवडा गेला तो गेलाच. भाचा खाली मान घालून बसला होता. त्याला काय बोलायचं? ही पाच दिवसांची अट मलाही तेव्हाच वाचून कळली, आणि मी या धंद्यात चौदा वर्षं आहे.

अर्जात एक कारण निवडायचं असतं: सगळं माझंच मूळ आहे, परवाना आहे, न्याय्य वापर आहे, किंवा सार्वजनिक आहे. मी पहिल्यावर बोट नेलं. शाहीर म्हणाले, "न्हाई. चाल माझी न्हाई."

"मग सार्वजनिक टाकू?"

"सार्वजनिक म्हंजे कुणाचीबी न्हाई अशी?"

"हक्क कुणा एकाचा नाही, अशी."

"तसं कसं? आमच्या फडाची हाय की."

यावर अर्धा तास गेला. वस्तादांनी दिलेली चाल, असा पर्याय त्या यादीत नव्हता. शेवटी सार्वजनिक निवडलं आणि खालच्या चौकटीत मी सगळी हकीकत लिहिली: चाल पारंपरिक, शब्द यांचे, मुद्रण आमचं. अर्जाखाली पूर्ण नाव टाइप करावं लागतं, तेच सही म्हणून धरतात. शाहिरांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, ते स्वतः टाइप केलं.

समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस. उत्तर आलंच नाही. 31 जुलैला दावा आपोआप सुटला. तोवर तो पोवाडा दिवसाला चार-पाच जण बघत होते. जयंतीच्या आठवड्यात आपल्या लोकांनीही हातभार लावला नाही, हे इथं लिहितेच. तालमींच्या ग्रुपवर सगळ्यांनी व्हिडिओची फाइल उतरवून पाठवली, लिंक कुणी दिली नाही. अर्ध्या गावाच्या स्टेटसला शाहीर होते, पण त्यातलं एकही बघणं मोजलं गेलं नाही. गाण्यांच्या ॲपवरही काही खरं नाही. स्पॉटिफायवर 2024 पासून नियम आहे, मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं 1000 वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे पैसे धरत नाहीत. बारा मिनिटांच्या पोवाड्यानं हजाराचा आकडा कुठून गाठायचा?

दावा सुटला असं सांगायला फोन केला, तेव्हा शाहिरांनी जे विचारलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "मग त्या कॅसेटीत माझा आवाज हाय, त्याचं काय?"

कॉपीराइट कायद्यात गायक-वादकाचा हक्क आहे, 1994 च्या दुरुस्तीनं आलेला. 2012 ला आणखी दुरुस्ती झाली, तेव्हापासून गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही, आणि गायक-वादकालाही व्यापारी वापरातली रॉयल्टी मिळायला हवी. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे त्या कॅसेटीचा 2058 अखेरपर्यंत, आणि तो ज्याच्याकडं साठा त्याच्याकडं. शाहिरांकडं दाखवायला दीडशे रुपयांची पावतीसुद्धा नाही. मी त्यांना वकिलाचं नाव दिलं. ते गेले नाहीत.

गेल्या आठवड्यात नवीन पोवाडा मुद्रित केला. आता मी आधी एक कागद भरून घेते: तारीख, कोण काय वाजवणार, कुणाला किती पैसे, सह्या. शाहिरांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "झीलकऱ्यांची नावं वर लिव्ह, माझं खाली." तशी लिहिली. पोरांनी आळीपाळीनं सह्या केल्या, डफ शेकणाऱ्यानंही.

वितरकाच्या अर्जात संगीतकाराचा रकाना मात्र अडला आहे. पारंपरिक लिहिलं तर आज ना उद्या आणखी कुणी ती चाल आपल्या नावावर चढवेल. शाहिरांचं नाव टाकायला ते तयार नाहीत. ते म्हणतात, वस्तादांचं टाक. वस्ताद जाऊन तीस वर्षं होऊन गेली, मुलगा इचलकरंजीत मागावर आहे, त्याला विचारायला शाहीर रविवारी जाणार होते. पावसामुळं गेले नाहीत. गाणं तयार आहे, माझ्या हार्डडिस्कवर आहे, आणि तो रकाना अजून कोरा आहे.