उकळलेल्या लाळेतून काय गेलं?

आमच्या विज्ञानाच्या बाई जीवशास्त्राच्या तासाला रसायनशास्त्र शिकवायच्या. मार्कांवर डोळा ठेवणाऱ्या मुलांना ते मुळीच आवडायचं नाही. पेशीची आकृती द्या, भागांची नावं द्या, एवढंच त्यांना हवं असायचं. बाई मात्र फळ्यावर चार आकडे लिहायच्या : ऑक्सिजन ६५, कार्बन १८, हायड्रोजन १०, नायट्रोजन ३. माणसाच्या शरीराच्या वजनातली ही साधारण टक्केवारी. बेरीज ९६. उरलेल्या चारमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस आणि बाकीची मंडळी. "यातलं एक तरी मूलद्रव्य दाखवा, जे दगडात, हवेत किंवा समुद्रात सापडत नाही," असं म्हणून त्या थांबायच्या. कुणालाच दाखवता यायचं नाही. मग सजीव वेगळा कशामुळे, हा प्रश्न तसाच लोंबकळत ठेवून बाई पुढे जायच्या.

मी आज एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, जीवरसायन विभागात काम करते. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर गुरुजनांबद्दल गोड गोड लिहिण्यापेक्षा बाईंचं रसायनशास्त्रच लिहावं असं वाटलं. बाईंनाही तेच जास्त रुचलं असतं.

त्यांचा एक प्रयोग सगळ्यांना आठवत असेल. तीन परीक्षानळ्यांत स्टार्चचं पातळ द्रावण. पहिलीत नुसतं पाणी घातलं, दुसरीत लाळ आणि तिसरीत उकळून गार केलेली लाळ. (लाळ द्यायला कुणी पुढे येईना, शेवटी बाईंनी स्वतःचीच दिली.) थोड्या वेळाने तिन्हींत आयोडीनचे थेंब टाकले; स्टार्च असेल तिथे ते निळं होतं. पहिली गर्द निळी, तिसरीही गर्द निळी आणि दुसरीत मात्र निळा रंग उमटलाच नाही. लाळेतल्या अमायलेज या विकराने (एन्झाइमने) स्टार्चच्या लांबलचक साखळ्या तोडून टाकल्या होत्या.

"आता सांगा, उकळताना लाळेतून काय गेलं?" बाईंनी विचारलं. मागच्या बाकावरून कुणीतरी "जीव" म्हणालं. वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. एकेकाळी मोठमोठे शास्त्रज्ञ याच उत्तरावर ठाम होते, म्हणाल्या. सजीवांतली संयुगं घडवायला एखादी जैवशक्ती लागते असं तेव्हा मानलं जाई. १८२८ साली रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांना प्रयोगशाळेत युरिया, म्हणजे मूत्रातला एक पदार्थ, मिळाला आणि त्यांनी रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसना कळवलं की, माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाशिवाय मी युरिया करू शकतो. त्या एका प्रयोगाने जैवशक्तीची कल्पना संपली असं पुस्तकांत सरसकट छापलेलं असतं. ते खरं नाही, ती पुढे कितीतरी वर्षं टिकून होती. साखरेचं किण्वन, म्हणजे आंबणं, जिवंत पेशीशिवाय होतच नाही असं पाश्चर यांचंही मत होतं. १८९७ मध्ये एडुआर्ट बुख्नर यांनी यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी त्या रसाने साखर आंबवली. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

व्होलर यांच्या प्रयोगातली मला जास्त आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांना हवं होतं अमोनियम सायनेट, हाती आला युरिया. दोन्हींत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन. एक अणू कमी नाही की जास्त नाही. बदलली ती फक्त मांडणी. स्टार्च आणि सेल्युलोजचंही तसंच. दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या, पण दोन ग्लुकोजमधला सांधा वेगळ्या बाजूला वळलेला. तेवढ्यानेच आपलं अमायलेज एकाला तोडतं आणि दुसऱ्याला हातही लावू शकत नाही.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं. उकळताना लाळेतून काहीच गेलं नव्हतं. अमायलेज हे प्रथिन, म्हणजे सुमारे पाचशे अमिनो आम्लांची एक साखळी. ती विशिष्ट तऱ्हेने दुमडलेली असते आणि त्या घडीत जी खोबण तयार होते, तिथेच स्टार्च तुटतो. घडी धरून ठेवणारे हायड्रोजन बंधासारखे दुवे दुबळे असतात, उष्णतेने ते सुटतात. लोकरीचा गुंडा विस्कटावा तसं ते होतं. धागा तोच आणि तेवढाच, पण आता त्याचा गुंता झालेला.

विकर म्हणजे प्रथिनच, हेही सहजी मान्य झालं नव्हतं. १९२६ साली जेम्स समनर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. आज रक्तातला युरिया मोजताना आम्ही हेच युरिएज वापरतो. ते युरिया फोडून अमोनिया मोकळा करतं आणि त्यावरून आकडा निघतो.

शिकाऊ मुलं विभागात आली की मी त्यांना पोटॅशियमवरून छळते. तांबड्या पेशीच्या आत पोटॅशियम लिटरला १०० मिलिमोलच्या पुढे, बाहेरच्या द्रवात जेमतेम ४. सोडियमचं बरोबर उलट. मधे एक अतिशय पातळ पटल. ही तफावत आपोआप टिकत नाही. पटलातला पंप एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा, एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो, अखंड. रक्ताचा नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर 'जपून ठेवला' असं मुलांना वाटतं. पण थंडीत पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. नळीत एकही अणू नवा आलेला नसतो, तरी सकाळी यंत्र घाबरवणारा आकडा दाखवतं. रोग्याला काहीच झालेलं नसतं. अशा नमुन्याचा पोटॅशियमचा अहवाल आम्ही पाठवत नाही, ताजं रक्त मागवतो आणि सीरम, म्हणजे पेशींवेगळा द्रव, वेळेत वेगळं करून घेतो.